ओलीवरचे सरदार

शुभाला बघायला माणसं येणार असं ठरलं आणि आमच्या हॉलच्या भिंतीला ओल आली. त्याआधी ती भिंत अगदी सभ्य होती. मुलुंडच्या आमच्या सहजीवन सोसायटीत इतकी वर्षं राहून तिने कधी पोपडासुद्धा धरला नव्हता. आणि आता बरोबर सोफ्याच्या वर, पाहुण्यांची नजर पहिल्यांदा जाईल तिथेच डाग आला. आधी बशीएवढा होता, मग ताटाएवढा झाला, आणि मग त्याला हातपाय फुटून तो खिडकीच्या दिशेने चालायला लागला.

आता 'बघायला येणार' हेसुद्धा म्हणायचं म्हणून. शुभाने आणि जयवंत पोतनीस या मुलाने एकमेकांना केव्हाच बघून ठेवलं होतं. दोघांचं ठरलेलं होतं, आता आम्ही मोठ्यांनी ते ठरवलंय असं दाखवायचं होतं. मुलगा मरोळच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापायच्या खात्यात होता, घर बोरीवलीला. आई होती, आजोबा होते. आजोबा, भाऊराव पोतनीस, घराण्याचे फार अभिमानी आहेत असं शुभाने आधीच सांगून ठेवलं होतं. "बाबा, त्यांच्याशी जरा जपून बोला हं," असंही म्हणाली होती. मी तिला विचारलं, मी कधी जपून बोललो नाही? ती आईकडे बघून हसली.

ओल आमच्या वरच्या घराच्या मोरीतून येते हे लहान मुलालाही कळलं असतं. वर राहतात धोंडू परब. पूर्वी गिरणीत होते, संपानंतर लग्नाचे मंडप आणि खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा काढला, तो झकास चालला. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. मी रीतसर अर्ज केला. सेक्रेटरी या नात्याने तो परबांनी स्वीकारला आणि कमिटीपुढे ठेवला. कमिटीने पाहणी करायला सेक्रेटरींना नेमलं. परबांनी स्वतःच्या घरी जाऊन स्वतःच्या मोरीची पाहणी केली आणि मोरी ठणठणीत कोरडी असल्याचा अहवाल दिला. मला लेखी उत्तर आलं की सदर ओल ही अर्जदाराच्या भिंतीची अंगभूत आहे. त्या उत्तरावरची सहीसुद्धा ओली होती.

मग मी वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या गृहस्थांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. इमारतीच्या आतली ओल आमच्याकडे येत नाही म्हणाले. "मग तुमच्याकडे काय येतं?" मी विचारलं. "इमारत पडली तर या," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात मदत करायची खरीखुरी इच्छा होती.

शेजारच्या प्रेमाकाकूंनी सांगितलं, तुरटी चोळा. चोळली. ओल पांढरी झाली. मग म्हणाल्या, कॅलेंडर लावा. लावलं. आठवड्याभरात सप्टेंबर ऑक्टोबरला चिकटला आणि दिवाळी दिसेनाशी झाली. "मोठी फ्रेम लावा हो एखादी," प्रेमाकाकू म्हणाल्या, "कुणी बघतंय मागे काय आहे ते!" हा सल्ला मी ऐकला. त्या बाईंचा तेवढा एक सल्ला ऐकला नसता तर पुढचं काही झालं नसतं, पण त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण पुढचं सगळं मी एकट्याने केलं.

त्याच सुमारास आमची कंपनी फोर्टातली जुनी जागा सोडून मरोळला जात होती. साहेबाच्या केबिनमधलं सामान निघालं त्यात कपाटामागे भिंतीला टेकवलेलं एक भलंमोठं चित्र सापडलं. कुठल्या तरी मराठी सरदाराचं. डोक्याला पागोटं, कानात भिकबाळी, भरघोस मिशा, डाव्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ, हात तलवारीच्या मुठीवर. मागे पडदा आणि पडद्यामागे किल्ला. रंग म्हणून नाही. सगळं केसाएवढ्या बारीक काळ्या रेघांनी केलेलं. मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा असं काम. खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हे एका मूळ तैलचित्रावरून तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आहे. कोरणाऱ्याचं नाव होतं, लंडनही होतं. ज्यांचं चित्र त्यांचं नाव मात्र कसरीने खाल्लेलं. शेवटचं 'राव' तेवढं उरलं होतं, आणि महाराष्ट्रात एवढ्यावरून माणूस शोधणं कठीण. मूळ तैलचित्र म्हणजे ते कुठे तरी कुणाच्या तरी घरात असणार, हा विचार कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात आला असता. माझ्या डोक्यात फक्त मापं होती. चित्र डागापेक्षा चांगलं वीतभर मोठं होतं.

"हे टाकणार का?" मी विचारलं. टाकणारच होते. पण टाकायची वस्तू बाहेर न्यायलाही गेटपास लागतो. आमचा शिपाई काशीराम तो लिहून घेऊन आला. वस्तूचं वर्णन या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'जुना माणूस, एक नग.' वॉचमनने एकदा गेटपास वाचला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मलाच बाहेर सोडलं. सरदारांना ठेवून घेतलं. समजूत घालण्यात तास गेला. मुलुंडच्या फ्रेमवाल्याकडून नवी चौकट केली. खालची इंग्रजी ओळ पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकायला मीच सांगितलं, कारण तिच्यामुळे सरदार परदेशी कंपनीच्या कॅलेंडरावरचे वाटत होते.

रविवारी दुपारी मी स्टुलावर चढून खिळा ठोकत होतो. हाताशी असावेत म्हणून तीन खिळे तोंडात धरले होते. दार उघडंच होतं. परब आत आले ते भांडायलाच, कारण दुपारी दोन ते चार खिळे ठोकायला सोसायटीत बंदी आहे आणि तो नियम त्यांनीच केलेला आहे. तोंड उघडलं तोच त्यांची नजर सोफ्यावर टेकवलेल्या चित्राकडे गेली. ते थांबले. मागे जाऊन त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि पुन्हा आत आले.

"अरे बापरे! ह्ये कोण म्हणायचे, सबनीसानू? तुमचे पूर्वज मां?"

तोंडात तीन खिळे असताना माणूस जास्तीत जास्त काय बोलू शकतो? मी "हं" म्हटलं. त्या 'हं'मध्ये 'थांबा, सांगतो' असा अर्थ होता.

"माका वाटलाच हुता," परब म्हणाले. "सबनीस म्हणजे साधा घराणा नाय!" त्यांनी सरदारांना वाकून नमस्कार केला आणि मी खिळे काढून स्टुलावरून उतरेपर्यंत ते जिना उतरून खालच्या मजल्यावर पोचलेसुद्धा होते. त्यांचा आवाज मला वरपर्यंत ऐकू येत होता.

तेव्हाच मागे धावलो असतो तर प्रश्न मिटला असता. मी निघालोही होतो. पण जिन्यात परब भेटले ते हात जोडून. "या, सबनीस साहेब," म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांच्यालेखी 'दुसऱ्या मजल्यावाले' होतो. साहेब म्हणून मला कुणी ऑफिसातसुद्धा हाक मारत नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू.

उद्यापर्यंत सगळ्या सोसायटीला कळलं होतं. दूधवाला चित्र बघून गेला. तळमजल्यावरच्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या आणि काचेवर कुंकवाचं बोट टेकवून गेल्या. प्रेमाकाकूंनी झेंडूचा हार आणला आणि मला विचारायच्या आत घातलाही. हार घातला म्हणून संध्याकाळी चहाला आलेला ऑफिसातला माझा सोबती बाळ गडकरी दारातच थबकला. हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, कळवलं नाहीस. कधी गेले?" मी म्हटलं, झाली दीडदोनशे वर्षं. तो तरीही चहा न घेता गेला. सुतकात घेत नाहीत म्हणाला.

"लग्न होऊन इतकी वर्षं झाली," आमच्या पद्मजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आपलं सासर सरदारांचं आहे हे कळायला मला भिंत ओली व्हावी लागली."

"मी कुठे काय म्हटलंय?" मी म्हणालो.

"तेच तर. म्हणा ना काहीतरी."

 चित्रापुढे उभी राहून शुभाने एकदा सरदारांच्या नाकाकडे बघितलं आणि एकदा माझ्या. आमच्या नाकाची ओळख सांगायची तर ते असून नसल्यासारखं आहे. सरदारांचं नाक खिडकीबाहेर जाईल असं होतं. "बाबा, जयवंतकडचे येतील तेव्हा हे काढून ठेवू या," ती म्हणाली. मी म्हटलं, काढलं तर ओल दिसेल. 

परबांना पुण्यतिथी करायची होती. सोसायटीत एवढं मोठं घराणं नांदतंय आणि कार्यक्रम नाही म्हणजे काय! खुर्च्या त्यांच्या, लाउडस्पीकर त्यांचा, मंडपही त्यांचाच. मला फक्त तिथी सांगायची होती. "तिथी नक्की माहीत नाही हो," मी म्हणालो, आणि हे वाक्य तरी खरं होतं. वाटलं, सुटलो. परब म्हणाले, "मग बरा झाला! तिथी ठावक नाय त्यांचा सर्वपित्रीक करतंत. ह्या अमावास्येक करूया."

सर्वपित्री अमावास्येला सोसायटीच्या आवारात साठेक माणसं खुर्च्यांवर बसली. सरदार टेबलावर, समोर समई, आणि शेजारी मी, लोकरीच्या कोटात, घामाघूम. परबांनी माझ्या हातात माईक दिला. "सरदारांचा कार्य सांगा," म्हणाले. लोक माझ्याकडे बघत होते. पुढच्या रांगेत शुभा होती आणि ती जमिनीकडे बघत होती. मी म्हणालो, "त्यांनी फार मोठं कार्य केलं. त्या काळात तसं कार्य करणं सोपं नव्हतं. ते कार्य आपल्या सर्वांना माहीत आहेच, म्हणून मी अधिक बोलत नाही." टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात कधी मिळाल्या नव्हत्या आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. खिळ्यांच्या वेळचं निदान 'हं' होतं. हे तर भाषण झालं.

मग गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, सगळं प्रेमाकाकूंनी केलं होतं. कावळे आले, कठड्यावर ओळीने बसले आणि शिवेनात. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर असंच पान होतं, तिथे दोन मिनिटांत फडशा पडला. आमच्याकडे एक कावळा मान तिरकी करून पानाकडे न बघता माझ्याकडे बघत होता. "काय तरी इच्छा ऱ्हवली असतली सरदारांची," परब म्हणाले. "सबनीस साहेब, बोला तुमी. पुरी करतंय म्हणान सांगा!" मी हात जोडले आणि मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाला म्हणालो की मला माफ करा, शुभाचं एकदा ठरलं की तुम्हाला मानाने खाली उतरवतो. उघड मी काय बोललो ते आठवत नाही. कावळे काही शिवले नाहीत. शेवटी प्रेमाकाकूंनी दर्भाचा कावळा केला आणि तो टेकवून वेळ भागवली.

दसरा झाल्यावरच्या रविवारी पोतनीस आले. जयवंत, त्याची आई वनमालाबाई आणि आजोबा भाऊराव. काठी टेकत, धोतर सावरत ते जिना चढून आले. आमच्याकडून मी, पद्मजा, शुभा. आणि कुणीही न बोलावता परब, कारण जादा खुर्च्या त्यांच्या होत्या आणि त्या बरोबर खालीवर होतात का हे बघायला ते थांबले होते. प्रेमाकाकू पोह्यांवर नजर ठेवायला आल्या होत्या. शुभा पोहे घेऊन आली. छान साडी, मान खाली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. जयवंतही बशीत बघून हसत होता. वनमालाबाईंनी पद्मजाला सांगितलं, "पत्रिका जमलीय, गोत्रंही वेगळी आहेत. आता भाऊंनी हो म्हटलं की झालं."

भाऊराव पोहे खात नव्हते. ते सोफ्याच्या वर बघत होते. मग हळूच उठले, काठी टेकत अगदी चित्राजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि सरदारांच्या चामखिळीपासून दोन बोटांवर नाक नेऊन उभे राहिले.

"हे तुमच्याकडे कसे?" त्यांनी विचारलं. आवाज कापत होता.

मी तोंड उघडलं. या खेपेला तोंडात खिळे नव्हते. पण परब होते. "सरदार सबनीस!" ते मोठ्यांदा म्हणाले. "साहेबांचे पूर्वज. गेल्या अमावास्येकच पुण्यतिथी केलेली आमी!"

भाऊरावांनी काठी खुर्चीला टेकवली आणि मला मिठी मारली. "अहो, हे आमचे खापरपणजोबा!" ते म्हणाले. "मूळ तैलचित्र आमच्या घरी आहे, बोरीवलीला! त्यावरून गोऱ्या साहेबांनी विलायतेत चित्र कोरून घेतलं, काही प्रती घराण्यात वाटल्या, असं माझे आजोबा सांगायचे. मी कधी प्रत बघितली नव्हती. म्हणजे आपण भाऊबंद! एका भावाकडे पोतं, म्हणजे खजिना, आलं तो पोतनीस, दुसऱ्याकडे सबनिशी, म्हणजे फौजेची हजेरी, आली तो सबनीस. हुद्द्यावरून आडनावं पडली, घर एकच!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. परबांच्याही होतं. मला कुठे बघावं कळेना. तेवढ्यात भाऊराव मिठीतून जरा मागे झाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे," ते म्हणाले. "मग हे लग्न कसं व्हायचं?"

 हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलामुलीचे पूर्वज एक, म्हणजे ती बहीणभाऊ झाली.

"पण गोत्र वेगळं आहे ना!" मी घाईने म्हणालो. "आत्ताच वनमालाबाई म्हणाल्या."

"दत्तक," भाऊराव म्हणाले. "आमच्या घरातली धाकटी मुलं दोनदा दत्तक गेली आहेत. तुमचे कुणी त्यांतले असणार. दत्तक गेल्यावर गोत्र बदलतं, सबनीस. रक्त कसं बदलेल?"

मी चित्राकडे बघितलं, काही सापडतंय का म्हणून. "तुमच्या चित्रात चामखीळ कुठल्या गालावर आहे?" मी विचारलं.

भाऊरावांनी डोळे मिटून आठवलं. "उजव्या," ते म्हणाले.

"यात डाव्या आहे!" मी जवळजवळ ओरडलो. "बघा! तलवारही उलट्या बाजूला असेल. हे दुसरेच कुणीतरी आहेत!" भाऊराव गोंधळले. परबही गोंधळले. मला वाटलं, निभावलं. खोटं न कबूल करता निभावलं.

"नाही हो काका," जयवंत म्हणाला. मुलाचा चेहरा खुलला होता. त्याच्या खात्यातली गोष्ट निघाली होती. "पत्र्यावर समोर बघून जसंच्या तसं कोरलं ना, की छापताना उलटं उमटतं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आमच्याकडे शिकाऊ मुलं हीच चूक करतात. म्हणजे हे चित्र आमच्या आजोबांच्या चित्रावरूनच कोरलंय. शंभर टक्के!" एवढं बोलून तो आनंदाने सगळ्यांकडे बघायला लागला, आणि शुभाकडे नजर गेल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं. इतका हुशार आणि इतका मठ्ठ जावई मला पुन्हा मिळाला नसता.

शुभा रिकाम्या बशा उचलून आत गेली. मी तिच्या मागे गेलो. ती ओट्यापाशी उभी होती, नळ सोडलेला होता आणि त्यातली एकच बशी ती पुन्हा पुन्हा धूत होती.

"बाबा," ती म्हणाली. मागे वळली नाही. "बाहेर परबकाका आहेत, काकू आहेत. उद्या सगळ्या सोसायटीत होईल. तुम्हाला सांगायला नको वाटत असेल तर नका सांगू. जयवंतला मी समजावीन काहीतरी."

ती रागाने बोलली असती तर मी उलट काहीतरी म्हणालो असतो. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. पण ती खरंच तसं म्हणत होती. बापाला चार लोकांत मान खाली घालायला लागू नये म्हणून ही मुलगी आपलं लग्न सोडायला निघाली होती, आणि तो मान म्हणजे काय, तर ऑफिसच्या अडगळीतून गेटपासावर आणलेला एक नग. मला माझी इतकी लाज वाटली की नळ तसाच वाहता ठेवून मी वळलो.

मी बाहेर आलो. "भाऊसाहेब," मी म्हणालो, "हे माझे कुणी नाहीत." कुणाला काही समजलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणालो. "हे माझे कुणीही नाहीत. आमचे पणजोबा पेणला पोष्टात होते, त्यापलीकडे मला कुणाचं नावही माहीत नाही. हे चित्र आमच्या ऑफिसातून टाकून देत होते, ते मी उचलून आणलं."

"मग लावलंत कशाला?" भाऊरावांनी विचारलं. राग नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं.

तोंडाने सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही असं मला वाटलं, म्हणून मी पुरावा द्यायचं ठरवलं. सोफ्यावर चढलो, दोन्ही हातांनी सरदारांना उचललं आणि खाली उतरवलं. हारातली वाळकी झेंडूची फुलं पोह्यांत पडली. मागच्या भिंतीवर ओल होती. आता ती ताटाएवढी राहिली नव्हती, चौकटीच्या मापाची झाली होती, कडेला हिरवी आणि मधे काळपट. तिच्यावर एक पाल होती, ती उजेड पडल्यावर सावकाश निघून गेली.

"ह्यासाठी," मी म्हणालो.

सगळे ओलीकडे बघत राहिले. पहिल्यांदा बोलले ते परब. "ती वल आमची न्हय," ते म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. प्रेमाकाकूंनी छताकडे बघितलं, मग परबांकडे. परब खुर्च्या मोजायच्या निमित्ताने दाराकडे सरकले. दारात थांबून म्हणाले, "पण तुमी 'हं' म्हटलास, सबनीसानू." त्यांच्या आवाजात इतकं वाईट वाटलेलं होतं की मी मोरीबद्दल काहीही बोलू शकलो नाही. 'साहेब' गेला होता, आणि तो गेल्याचं मला वाईट वाटलं, याचीही लाज वाटली.

 भाऊरावांनी भाऊबंद म्हणून मिठी मारली होती, ती आता कुठे ठेवायची असा त्यांना प्रश्न पडला असावा. मग त्यांनी पोह्यांची बशी उचलली, त्यातली झेंडूची पाकळी काढून बाजूला ठेवली आणि पहिला घास घेतला. "आता रक्ताची अडचण नाही," ते म्हणाले. वनमालाबाई हसल्या आणि आतून नळ बंद झाल्याचा आवाज आला.

लग्न मार्गशीर्षात झालं. सरदारांना मी भाऊरावांच्या हवाली करायला निघालो तर पद्मजा म्हणाली, नुसतं कसं द्यायचं, रुखवतात मांडू. म्हणून लाडवांचे डोंगर आणि लोकरीचं तोरण यांच्या मधोमध सरदार बसले. मंडप, खुर्च्या परबांच्याच होत्या. ते दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते, पण रुखवतासमोर चपला काढून त्यांनी नमस्कार केला. भाऊराव मला हाताला धरून आपल्या माणसांत हिंडवत होते. "हे आमचे व्याही," ते प्रत्येकाला सांगत होते, "मधे थोडा वेळ आमचे भाऊबंद होते." लोक हसायचे. मीही हसायचो. कान तापायचे ते तापायचेच.

बोरीवलीला पोतनीसांच्या घरी आता समोरासमोर दोन सरदार आहेत. एका भिंतीवर रंगीत, उजव्या गालावर चामखीळ असलेले. समोरच्या भिंतीवर काळ्या रेघांचे, डाव्या गालावर चामखीळ असलेले. त्या खोलीत कुठेही बसलं तरी दोघांपैकी एकाची नजर आपल्यावर असते. मी जातो तेव्हा मधल्या खुर्चीवर बसतो आणि कपात बघत चहा पितो.

गेल्या खेपेला त्यांच्याकडे शेजारच्या कुणी बाई आल्या होत्या. मीही होतो. त्यांनी दोन्ही चित्रांकडे बघितलं आणि शुभाला विचारलं, "एकाच माणसाची दोन चित्रं कशाला गं लावलीत?"

मी कप खाली ठेवला. आता सगळं पहिल्यापासून निघणार होतं. खिळे, भाषण, कावळे, ओल.

"एकाच माणसाची कुठे?" शुभा म्हणाली. रंगीत चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, "हे सासरचे." आणि मग काळ्या रेघांच्या सरदारांकडे वळून म्हणाली, "आणि ते माहेरचे. बाबांनी दिलेत."